कॅटलॉगमधून फॉर्म उघडताना लिंकमध्ये काय घालावं

बडोद्यातल्या एका मराठी वाचनालयाचा कॅटलॉग कोहा या ग्रंथालयांसाठीच्या मुक्त संगणक-प्रणालीवर आहे. पुस्तक राखून ठेवणं, मुदत वाढवून घेणं ही कामं कोहा स्वतः करते. तीन कामं मात्र तिच्याबाहेर राहत होती: कॅटलॉगच्या नोंदीतली चूक कळवणं, पानं सुटलेलं किंवा वाळवी लागलेलं पुस्तक कळवणं आणि ज्यांना आता जिना चढवत नाही अशा सभासदांची घरपोच मागणी. तिन्हींसाठी एकच वेबफॉर्म करायचा आणि तो कॅटलॉगमधल्या पुस्तकावरूनच उघडायचा असं ठरलं. पुस्तक कोणतं, काम कोणतं आणि लेबलं कोणत्या भाषेत हवीत हे कोहाने लिंकमधून सांगायचं, आणि फॉर्मने त्याप्रमाणे रकाने मांडायचे. हे बसवताना आम्हाला काय लागलं, कुठे अडलं आणि का, ते पुढे लिहिलं आहे.

सुरुवात गूगल फॉर्मने केली, कारण त्याला सर्व्हर लागत नाही. फॉर्म तयार झाला की संपादनाच्या पानावर उजवीकडच्या तीन ठिपक्यांत आधीच भरलेली लिंक मिळवण्याचा पर्याय असतो. तो उघडून प्रत्येक रकान्यात सहज ओळखू येईल असा खुणेचा शब्द भरायचा, शीर्षकाच्या जागी एक, लेखकाच्या जागी दुसरा, आणि लिंक कॉपी करायची. त्या लिंकमध्ये प्रश्नचिन्हानंतर जोड्या दिसतात: ‘एंट्री’ हा शब्द, टिंब, एक लांब आकडा, बरोबरचं चिन्ह आणि आपण भरलेली खूण. दोन जोड्यांच्या मध्ये & असतं. तो आकडा म्हणजे प्रश्नाची ओळख. प्रश्नाचा मजकूर बदलला किंवा तो वरखाली सरकवला तरी आकडा तोच राहतो. प्रश्न काढून त्याच नावाने नवा घातला, की आकडा बदलतो आणि जुनी लिंक त्या रकान्यापुरती मुकी होते. चूक झाल्याचं कुठेही दिसत नाही, रकाना नुसता रिकामा येतो. म्हणून प्रश्न नको झाला तरी काढू नये, सक्तीचा असल्यास सक्ती उठवावी आणि तो शेवटच्या विभागात टाकून द्यावा.

आणखी एक सावधगिरी. संपादनाच्या पानावरच्या पत्त्यातला सांकेतिक क्रमांक आणि लोकांना दिसणाऱ्या फॉर्मच्या पत्त्यातला क्रमांक वेगवेगळे असतात. संपादनाचा पत्ता उचलून त्याला जोड्या चिकटवल्या की वाचकाला परवानगी मागणारं पान दिसतं.

कोहाच्या बाजूने सोय आधीच आहे. ‘ओपॅक सर्च फॉर टायटल इन’ (ओपॅक म्हणजे वाचकांना दिसणारा कॅटलॉग) नावाच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या साइटची लिंक लिहिता येते आणि तिच्यात महिरपी कंसांत ‘टायटल’, ‘ऑथर’, ‘आयएसबीएन’, ‘बिब्लिओनंबर’ असे मोठ्या इंग्रजी अक्षरांतले शब्द ठेवता येतात. पुस्तकाचं पान उघडताना कोहा त्या जागी त्या पुस्तकाची माहिती घालते. मघाच्या लिंकमधल्या खुणा काढून हे शब्द बसवले, ओळ यादीच्या घटकाच्या टॅगमध्ये ठेवली, की काम चालू होतं. पहिल्या दिवशी हे फार छान दिसतं.

अडचणी पुस्तकांच्या नावांपासून सुरू होतात. वेबपत्त्यात काही चिन्हांना ठरलेला अर्थ असतो: & म्हणजे पुढची जोडी, # म्हणजे इथून पुढचं सर्व्हरला पाठवू नका, + म्हणजे मोकळी जागा. ही चिन्हं मजकुरात असतील तर त्यांना टक्क्याच्या रूपात बदलावं लागतं, यालाच एन्कोड करणं म्हणतात. मोकळी जागा टक्का-वीस होते, & टक्का-सव्वीस होतो. न बदलता पाठवलं तर ‘सी++’ या विषयावरचं पुस्तक फॉर्ममध्ये नुसतं ‘सी’ होऊन पोचतं आणि प्रकाशकाच्या नावात & असेल तर नाव तिथेच तुटतं. उलटही घडतं: एकदा एन्कोड झालेलं पुन्हा एन्कोड झालं, की टक्क्याचं चिन्ह स्वतःच टक्का-पंचवीस बनतं आणि वाचकाला रकान्यात अक्षरांऐवजी टक्केच टक्के दिसतात. असं दिसलं की मजकूर दोन वेळा कुठे एन्कोड होतो ते शोधायचं, तिसरी दुरुस्ती वर चढवायची नाही.

जावास्क्रिप्टमध्ये लिंक बांधत असाल तर ‘एन्कोडयूआरआय’ आणि ‘एन्कोडयूआरआयकंपोनंट’ या दोन्हींत गल्लत करू नये. पहिलं फंक्शन पूर्ण पत्त्यासाठी आहे, म्हणून ते &, +, # तसेच सोडतं. जोडीतल्या एका किमतीसाठी, म्हणजे बरोबरच्या चिन्हापुढच्या मजकुरासाठी, दुसरंच हवं. कोहाच्या ईमेल सूचनांचे साचे टेम्प्लेट टूलकिट या साच्यांच्या भाषेत लिहिता येतात, तिथेही अशीच जोडी आहे: ‘यूआरएल’ फिल्टर & सोडून देतो, ‘यूआरआय’ फिल्टर बदलतो. पुस्तकाच्या नावाला ‘यूआरआय’च लावायचा. व्हॉट्सॲपच्या आधीच मजकूर भरलेल्या लिंकमध्ये फॉर्मची लिंक घालायची असेल, तर लिंकमध्ये लिंक होते आणि तिथे मात्र दोनदा एन्कोड करणं हेच बरोबर.

देवनागरीची गोष्ट इथून पुढे जास्त महत्त्वाची. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि एन्कोड झाल्यावर प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. काना, वेलांटी, अनुस्वार ही सगळी स्वतंत्र चिन्हं आहेत. ‘दांडिया बाजार’ एवढा पत्ता लिहिला तर १२ चिन्हं आणि एक मोकळी जागा मिळून १११ अक्षरं होतात. गुजराती लिपीचाही हिशोब हाच. मघासारखं दोनदा एन्कोड केलं, तर एकेका चिन्हाची पंधरा अक्षरं.

याचा पहिला फटका एक्सेलमध्ये बसला. घरपोच मागणीच्या लिंका सभासदांच्या यादीवरून ‘हायपरलिंक’ या सूत्राने बनवत होतो. त्या सूत्रात पत्ता २५५ अक्षरांपेक्षा लांब झाला की चूक दाखवणारा संकेत येतो. इंग्रजी नावांची पुस्तकं चालायची, मराठी नावांची अडायची, आणि कारण फाँटमध्ये शोधलं जात होतं. २५५ अक्षरांत देवनागरीची जेमतेम २८ चिन्हं मावतात, तीही फॉर्मचा मूळ पत्ता हिशोबात न धरता. सर्व्हरच्या बाजूलाही मर्यादा असतात: मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरवर प्रश्नचिन्हानंतरच्या भागाची मूळची मर्यादा २०४८ आहे, अपाचीवर विनंतीची पूर्ण ओळ ८१९० बाइटपर्यंत चालते. नाव, उपशीर्षक, लेखक, पत्ता असं सगळं मराठीत भरलं की २०४८ सहज ओलांडतं.

दुसरी अडचण ड्रॉपडाउनची. गूगल फॉर्ममध्ये पर्यायाचा मजकूर लिंकमधल्या मजकुराशी अक्षरशः जुळला तरच तो निवडला जातो, नाहीतर रिकामा राहतो. पर्यायाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा पुरेशी आहे. ‘कऱ्हाड’सारख्या शब्दात डोळ्यांना फरकच दिसत नाही: अर्धा र कुणी नुक्तेवाल्या ऱ ला हलंत जोडून टाइप करतं, कुणी साध्या र ला हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखे, आत वेगळे, आणि युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेत-यादीचं नेहमीचं सामान्यीकरणही (एकाच अक्षराच्या वेगळ्या लेखनांना एक रूप देणं) या दोघांना एक करत नाही. त्यासाठी स्वतःची बदलयादी ठेवावी लागते. भाषेच्या संकेतांचंही तसंच. ग्रंथालयाच्या नोंदीत मराठीला तीन अक्षरी ‘एम-ए-आर’ असतं, वेबपानाला दोन अक्षरी ‘एम-आर’ लागतं. मध्ये एक छोटी तक्ता-फाइल ठेवली तर हा प्रश्न कायमचा मिटतो.

हे सगळं निस्तरल्यावरही गूगल फॉर्मची एक मर्यादा राहतेच: तिथे लपवलेला रकाना नसतो. भरलेली प्रत्येक गोष्ट वाचकाला दिसते आणि बदलता येते. नोंदीतली चूक कळवायला हे चालतं. घरपोच मागणीत सभासद क्रमांक लिंकमधून यायला लागला, तेव्हा मात्र दुसऱ्याचा क्रमांक घालून मागणी करणं कुणालाही शक्य झालं. शिवाय लिंकमधली माहिती ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या नोंदवहीत राहते, लिंक पुढे पाठवली की तिच्यासोबत जाते. सभासदाचं नाव, पत्ता, फोन लिंकमध्ये कधीही घालू नये, कितीही सोयीचं वाटलं तरी.

१९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांची घडी बसवली. कार्डांच्या कॅटलॉगमध्ये पुस्तक शोधायचं आणि चिठ्ठीवर त्याचा अंक लिहून काउंटरवर द्यायचा, ही रीत इथल्या जुन्या वाचकांच्या हातात बसलेली आहे. पूर्ण नाव, लेखक, प्रकाशक चिठ्ठीवर उतरवायची गरज नसे, बाकीचं रजिस्टर सांगत असे. आम्ही फॉर्मसाठी तेच केलं. लिंकमध्ये माहिती पाठवणं बंद केलं, फक्त ओळख पाठवायची. बाकीचं फॉर्मने कॅटलॉगला विचारावं.

म्हणून फॉर्म स्वतःच्या सर्व्हरवर आणला. आता लिंकमध्ये तीनच गोष्टी असतात: कामाचा संकेत, पुस्तकाचा अंक, भाषेचा संकेत. एन्कोड करण्याजोगं काही उरतच नाही. सर्व्हर कामाचा संकेत पाहून मांडणीची जेसन फाइल (नाव आणि किंमत अशा जोड्यांची साधी मजकूर-फाइल) वाचतो. तिच्यात प्रत्येक रकान्याचं आतलं नाव, चार भाषा-लिप्यांतली लेबलं, प्रकार, सक्ती आहे की नाही, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ‘किंमत कुठून येणार’ हे असतं: लिंकमधून, कॅटलॉगमधून की वाचकाकडून. ही शेवटची नोंद लिहायला बसलं की फॉर्मचा निम्मा विचार आपोआप स्पष्ट होतो. कामाचा संकेत सरळ फाइलचं नाव म्हणून वापरू नये. ठरलेल्या यादीत असेल तरच फाइल उघडावी, नाहीतर पत्त्यात टिंबं आणि तिरक्या रेघा घालून सर्व्हरवरची दुसरीच फाइल वाचण्याचा रस्ता खुला होतो.

पुस्तकाचा अंक कोणता, यावर बराच वेळ गेला. आयएसबीएन बाद, कारण जुन्या मराठी पुस्तकांना तो नसतोच, आणि असला तर २००७ च्या आधीच्यांना दहा अंकी, नंतरच्यांना तेरा अंकी. कोहाचा बिब्लिओनंबर नोंदीची ओळख आहे, प्रतीची नाही. एका नोंदीखाली चार प्रती असतात. नोंदीतली चूक कळवायला बिब्लिओनंबर योग्य, पण फाटलेली प्रत कळवायला बारकोड हवा. मघाच्या सेटिंगमध्ये बारकोड मिळत नाही, म्हणून ओपॅकच्या जावास्क्रिप्टच्या सेटिंगमधून प्रतींच्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला वेगळी लिंक जोडली.

नोंदीची माहिती कोहाच्या सार्वजनिक एपीआयमधून, म्हणजे दुसऱ्या प्रणालींना माहिती देणाऱ्या दारातून, घेता येते. विनंतीत उत्तर कोणत्या स्वरूपात हवं ते सांगावं लागतं, आम्ही ‘मार्क-इन-जेसन’, म्हणजे मार्क या ग्रंथनोंदींच्या प्रमाण आराखड्यातली माहिती जेसन रूपात, मागतो. साधं जेसन मागितलं तर ४०६ हा नकार येतो आणि पत्ता चुकला असं वाटतं. ही विनंती सर्व्हरवरून करावी. वाचकाच्या ब्राउझरमधून केली तर दुसऱ्या डोमेनचं उत्तर ब्राउझर अडवतो. शीर्षक मार्कच्या २४५ या रकान्यात ‘ए’खाली, उपशीर्षक ‘बी’खाली, आणि भाषा ००८ मध्ये ३५ ते ३७ या जागांवर मिळते. शीर्षकाच्या शेवटी सूचीलेखनाच्या नियमाप्रमाणे आलेला कोलन किंवा तिरकी रेघ काढून टाकायला विसरू नये.

फॉर्म पडद्यावर मांडताना तीन चुका जवळजवळ सगळ्यांच्या होतात. पहिली: वाचकाने बदलू नये म्हणून रकाना ‘डिसेबल्ड’ केला की तो दिसतो, पण फॉर्म पाठवताना त्याची किंमत जातच नाही. ‘रीडओन्ली’ केला तर जाते, मात्र ड्रॉपडाउनला ‘रीडओन्ली’ लागू होत नाही. आम्ही अशा ठिकाणी साधा मजकूर दाखवतो आणि सर्व्हर अंकावरून माहिती पुन्हा काढतो, ब्राउझरकडून आलेल्या शीर्षकावर विश्वास ठेवत नाही. दुसरी: कामाप्रमाणे काही रकाने लपवले आणि त्यांच्यावरची सक्ती तशीच राहिली, तर ‘पाठवा’ दाबल्यावर काहीच होत नाही. ब्राउझरला रिकाम्या रकान्याकडे बोट दाखवायचं असतं, पण रकाना लपलेला. वाचक तीनदा दाबतो आणि सोडून देतो. लपवलेला गट ‘फील्डसेट’मध्ये ठेवून पूर्ण गटच ‘डिसेबल्ड’ करावा, म्हणजे सक्तीही उठते. तिसरी: तारखेच्या रकान्यात आधी किंमत भरायची तर ती वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने आणि इंग्रजी अंकांत लागते, पडद्यावर दिवस आधी दिसत असला तरी. देवनागरी अंक असलेली तारीख किंवा संख्या शांतपणे टाकून दिली जाते. लिंकमधून आलेला कोणताही मजकूर पानावर लिहिताना ‘इनरएचटीएमएल’ वापरू नये, ‘टेक्स्टकंटेंट’ वापरावं. नाहीतर लिंकमधून स्क्रिप्ट घुसवता येते.

भाषांच्या यादीत मराठी, गुजराती, इंग्रजी होत्याच. चौथी नोंद बडोद्याची स्वतःची आहे. घरी मराठी बोलणारे, पण गुजराती माध्यमात शिकलेले अनेक सभासद मराठी शब्द गुजराती अक्षरांत जास्त चटकन वाचतात. त्यासाठी वेगळं भाषांतर लागत नाही. युनिकोडमध्ये दोन्ही लिप्या एकाच आराखड्यावर मांडल्या आहेत, देवनागरी चिन्हाच्या क्रमांकात ३८४ मिळवले की गुजराती चिन्ह येतं, आणि ळ सुद्धा बरोबर येतो. अपवाद मोजके: ऱ ला गुजरातीत जागा नाही, तिथे साधा र घ्यावा, ॲ ला ऍ च्या जागेचं चिन्ह द्यावं. हे दोन बदल आधी करून मग ३८४ मिळवायचे, नाहीतर पडद्यावर चौकोन दिसतात. या मांडणीचा भाषा-संकेत ‘एम-आर’ला जोडरेघ देऊन गुजराती लिपीचा चार अक्षरी संकेत जोडून लिहितात. पानाच्या टॅगमध्ये तो घातला की ब्राउझरला भाषा आणि लिपी दोन्ही कळतात. या एका सोयीवर आमचा फार जीव आहे.

घरपोच मागणीसाठी सभासदाची ओळख लागतेच. तिथे सभासद क्रमांकाऐवजी टोकन जातं: १२८ बिटांची यादृच्छिक संख्या, ३२ चिन्हांत लिहिलेली. तक्त्यात टोकनासमोर सभासद, बारकोड, काम, मुदत आणि वापरलं की नाही हे असतं. इथे एक फसगत नक्की होते. लिंक व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने गेली की पूर्वदृश्य किंवा सुरक्षा-तपासणीसाठी यंत्रंच ती आधी उघडून पाहतात. पान उघडताच टोकन ‘वापरलं’ अशी खूण केली, तर सभासदाच्या हाती पोचण्याआधीच ते संपलेलं असतं. खूण फॉर्म पाठवला गेल्यावरच करावी. मुदतही नीट मोजावी: एक सर्व्हर जागतिक वेळेवर आणि दुसरा भारतीय वेळेवर असला, आणि तारीख अक्षरांत लिहून दिली-घेतली, तर नेमका १९,८०० सेकंदांचा फरक पडतो. साडेपाच तासांचं कोडं दिसलं की दुसरं काही तपासू नये.

दोन प्रणालींना तक्ता वाटून घेता येत नसेल, तर टोकनाऐवजी गुप्त किल्लीने केलेली सही लिंकला जोडतात. त्यात दोन्हीकडे सही एन्कोड करण्याआधीच्या मूळ किमतींवर, ठरलेल्या क्रमाने करायची. एका बाजूने मोकळी जागा + म्हणून आणि दुसरीने टक्का-वीस म्हणून धरली तर सही जुळत नाही.

चाचणीसाठी आठ नोंदी कायम ठेवल्या आहेत: नावात & असलेली, # असलेली, ++ असलेली, गुजराती लिपीतली, लेखक नसलेली, दुहेरी अवतरणं असलेली, अतिशय लांब उपशीर्षकाची, आणि ‘कऱ्हाड’ची. मांडणीच्या फाइलला हात लागला की आठही लिंका उघडून पाहायच्या. पॅरामीटरची, म्हणजे लिंकमधल्या जोड्यांची, नावं मात्र बदलायची नाहीत. ईमेलांमध्ये गेलेल्या लिंका परत बोलावता येत नाहीत. नवं नाव हवंच असेल तर जुनंही चालू ठेवायचं.

हे छापील लिंकांना जास्तच लागू आहे. फाटलेलं पुस्तक कळवण्यासाठी प्रत्येक प्रतीच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून क्यूआर कोड चिकटवला आहे. गूगल फॉर्मची भरलेली लिंक चारशे अक्षरांच्या आसपास गेली, तर कोडाच्या एकेका बाजूला सत्तरहून जास्त घरं (काळे-पांढरे बारीक चौकोन) होतात आणि जुन्या फोनचा कॅमेरा ती वाचताना अडखळतो. फक्त ओळख असलेली लिंक पूर्ण मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिली, तर तिसऱ्या आकाराच्या, मध्यम दुरुस्ती-पातळीच्या कोडात ६१ अक्षरं मावतात आणि बाजूला २९ घरं पुरतात. त्या अक्षरसंचात ?, = आणि & ही चिन्हं नाहीत, म्हणून बारकोड प्रश्नचिन्हानंतर न देता पत्त्यातच तिरक्या रेघेनंतर लिहावा. डोमेनला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक नसतो, पुढच्या भागाला असू शकतो, तेव्हा सर्व्हरवर तो मोठ्या अक्षरांतच स्वीकारण्याची सोय करावी. एक घर अर्ध्या मिलिमीटरचं धरलं आणि चारी बाजूंना चार-चार घरांचं कोरं अंतर सोडलं, की लेबल साडेअठरा मिलिमीटरचं होतं. तारखांच्या चिठ्ठीशेजारी ते नीट बसतं.